ई-क्लासवरचा पायवा

गेल्या श्रावणात नदी बोरखडीच्या खालच्या आळीत शिरली आणि मातीच्या भिंती विरघळवून गेली. माणसं तेवढी वाचली. तेव्हापासून ती सगळी घरं शाळेच्या मैदानावर टिनाच्या शेडमध्ये राहत होती. मधे टिनाचाच आडोसा, त्याच्या एका बाजूला संध्या आणि देवमनचा संसार, दुसऱ्या बाजूला हलीमाबीचा. इकडे फोडणी पडली की तिकडे शिंक यायची.

वैशाख लागला तसे टिन तापू लागले. दुपारी आत बसवत नसे. संध्याची पोरगी आचल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन ती शाळेच्या निंबाखाली बसून राहायची. तिचे पाय सुजत. तेल्हाऱ्याच्या बाजारात भाजी विकून संध्या परत आली की टोपली उतरवायच्या आधी पोरीच्या पायांकडे पाहायची.

“पावसाच्या आंधी भिती चढवू,” देवमन म्हणायचा. “वरतं टिनच राहीन, पन भीत तं विटीची राहीन. लेकरू भितीआड येईन.”

नवी जागा मिळाली होती गावाच्या वरच्या अंगाला. सरकारी चराईचं ते रान, गावात त्याला ई-क्लास म्हणत. उंचावर असल्यामुळं तिथं पुराचं भय नव्हतं. एकेकाळी तिथं बी-बियाणं आणि फवाऱ्याच्या औषधांचं गोदाम होतं. ज्या सोसायटीचं होतं ती बुडाल्याला एक पिढी लोटली होती. गोदामाच्या विटा लोकांनी केव्हाच नेल्या, मागं ओटा आणि बाभळी राहिल्या. आता त्या बाभळी तोडून चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. प्रत्येकाला प्लॉट, मधून रस्ता, टोकाला अंगणवाडी आणि सगळ्या वस्तीला मिळून एक बोअर. पायवा, म्हणजे घराचा पाया, ज्याचा त्यानं खोदायचा, बांधकाम पिंटू ठेकेदार करणार.

देवमन पहाटे वावरात जायचा, कोथिंबीर-मेथी उपटून जुड्या बांधायचा, संध्याला ऑटोत बसवून द्यायचा आणि तसाच ई-क्लासवर चढायचा. जमीन वरून मुरमाड होती. टिकास मारलं की ठिणगी उडायची. तळहाताला फोड येऊन फुटले, त्यावर त्यानं चिंधी गुंडाळली. शेजारच्या प्लॉटवर हलीमाबी आणि तिची सून तुबा खोदत. हलीमाबीचा पोरगा सुरतेला कामाला होता. म्हातारी सत्तरीला टेकलेली, पण लोखंडी सब्बल उचलायची आणि नेमकी रेघेवर मारायची.

“देवमन, तुझ्या पायव्याची नाली वाकडी जाऊन रायली रे,” ती म्हणायची.

“तुमचं पाहा ना चाची.”

“मेरी तो सुईसारखी सरळ.”

त्या दिवशी बाजार नव्हता म्हणून संध्याही आली होती. देवमन खाली नालीत, ती वर घमेलं घ्यायला. ऊन डोक्यावर आलं होतं. कोपऱ्यातला शेवटचा हातभर भाग राहिला होता. देवमननं दोन्ही हातांनी सब्बल उचलून खाली घातली आणि ती मुरमात न रुतता पोकळ आवाज करून आत गेली. त्यानं उपसली तशी खालून भुरकट पाण्याची चिळकांडी उडाली आणि त्याच्या पोटऱ्या, पॅन्ट भिजली.

वास आला. तो वास कपाशीच्या मुलखात लहान लेकरालाही कळतो.

“हे तं औषध हाये,” संध्या म्हणाली. “वर या तुमी. आंग धुवा.”

“जुनं हाये, काय करते. एवढा कोपरा राहिला.” त्यानं मूठभर माती घेऊन पोटऱ्या पुसल्या आणि पुन्हा टिकास उचललं.

थोड्या वेळानं त्याला घाम फुटला. उन्हाचा घाम वेगळा, हा वेगळा. तो नालीच्या काठावर बसला, लाळ गळू लागली, ती पुसायला हात तोंडाकडे नेला तर हात थरथरत होता. मग ओकारी झाली. संध्यानं त्याची हनुवटी धरून वर केली. त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या खसखशीएवढ्या झाल्या होत्या.

“माय वो,” ती ओरडली. “चाची!”

हलीमाबीनं पाहिलं आणि आपला प्यायच्या पाण्याचा गुंड उचलून पळत आली. “उसकी पॅन्ट निकालो! शरम का बखत नहीं हाय! धो उसके पाव!” तिनं स्वतः देवमनची पॅन्ट ओढून काढली, सगळा गुंड त्याच्या पायांवर रिता केला. तुबानं दुसरा आणला. सरपंच शालिकराम रस्त्याची रेघ पाहायला आले होते. त्यांनी आपली गाडी वळवली, मागच्या सीटवर देवमनला आडवा घातला आणि तेल्हाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही. तिथून अँब्युलन्सनं अकोल्याला.

अकोल्यात डॉक्टरनं सुई टोचत विचारलं, “फवारणी कुठं केली यानं?”

“फवारनी नाई केली साहेब,” संध्या म्हणाली. “घराचा पायवा खंदून रायले होते.”

डॉक्टरनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “घराचा?”

संध्यानं सोबत आणलेली देवमनची ओली पॅन्ट नर्सनं एका पिशवीत घातली, वर दुसरी पिशवी, गाठ मारली. “हात लावू नका याले. डॉक्टर सायबानं ठेवायले सांगतलं.”

देवमन वाचला. पण उठून बसला की भिंत धरायचा. संध्या त्याच्या पलंगाखाली चटई टाकून पडायची आणि एकच गोष्ट डोक्यात घोळायची. चुन्याच्या त्या रेघांमध्ये कितीक घरांचे पायवे होते. अंगणवाडी होती. बोअर होता. औषधाचा पुरलेला एक डबा देवमनच्या सबलीला लागला. बाकीचे कुणाच्या चुलीखाली असतील?

देवमनला घरी आणलं त्या दिवशी ती ई-क्लासवर गेली. त्यांच्या कोपऱ्यावर ताजा मुरूम टाकून चोपला होता.

“काढला तो डबा,” पिंटू ठेकेदार म्हणाला. “दूर नेऊन टाकला. आता काई नाई तथी.”

“कोठी टाकला?”

“आता ते काय सांगू वयनी. नाल्याकडं.”

“अन् बाकीचे?”

पिंटूनं इकडे तिकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. पावसाच्या आत काम उरकायचं म्हणून त्याच्याही मागं तगादा होता. तो हळू आवाजात म्हणाला, “वयनी, एक बोलू काय? वरतचा कोपऱ्याचा प्लॉट खाली हाये. तुमचं तथी करून देतो. सगळ्यात पहिलं तुमचं घर. पोरगी बाळंतपनाले आली ना? तिच्या आंधी भिती उभ्या करून देतो. फक्त हे जमिनीचं कुठी बोलू नका. वरतं गेलं की काम बंद पडते, मंग दोन पावसाये निंगतात.”

संध्या तशीच परत आली. त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापल्या, दोन करपल्या. देवमनला सगळं सांगितलं.

“घेऊन टाक,” देवमन म्हणाला. त्याचा आवाज अजून बसकाच होता. “मी जित्ता आलो, झालं. आपलं लेकरू भितीआड जाईन.”

“अन् चाचीचं?”

 आडोशापलीकडे हलीमाबी तुबाला काहीतरी सांगत होती, टिनावर तिच्या बांगड्या वाजत होत्या.

“मी बी हो म्हननारच होती,” संध्या म्हणाली. “येता येता तोंडावर आलं होतं माह्या. पन तिनं तिचा प्यायचा गुंड तुमच्या पायावर रिता केला. तिले त्याच जमिनीत झोपवू काय मी?”

देवमननं कूस बदलली.  मग तो म्हणाला, “अकोल्याले जायचं तं पहिल्या गाडीनं जा. ऊन लागते.”

ती तक्रार घेऊन गेली, पण अकोल्याच्या सरकारी कार्यालयात तिला कुणी ओळखत नव्हतं. एका टेबलावरून दुसऱ्या, तिथून प्रदूषणवाल्या मॅडमकडं जा म्हणून दुसऱ्या इमारतीत. काखेत ती गाठ मारलेली पिशवी. उन्हानं प्लॅस्टिक तापलं आणि वास सुटला. दारावरच्या शिपायानं नाक धरलं.

“काय आणलं वो बाई? बाहेर जा, बाहेर.”

“मले प्रदूषनवाल्या मॅडमले भेटायचं हाये.”

“बाहेर उभ्या राहा. लोकं जेवून रायले.”

ती बाहेर पायरीवर उभी राहिली. आत-बाहेर करणारे लोक तिला वळसा घालून जात होते. एका बाईनं पदर तोंडाला लावला. संध्याला वाटलं, आपण घाण केलेल्या लेकरासारख्या उभ्या आहोत. पण पिशवी तिनं खाली ठेवली नाही.

दुपारनंतर एक तरुण बाई जिन्यावरून उतरली आणि दोन पायऱ्या पुढं जाऊन थांबली. हुंगलं. मागं वळून तिनं पिशवीकडे पाहिलं.

“ताई, हे काय आहे?”

“माह्या मालकाची पॅन्ट हाये.”

ती बाई म्हणजे प्रदूषण खात्यातली अभियंता गीतांजली. तिनं संध्याला आत नेलं नाही. शेजारच्या झाडाखाली नेलं, पिशवी लांब ठेवायला लावली, आधी पाणी पाजलं आणि मग उकिडवं बसून सगळं ऐकलं. मधे एकदाच विचारलं, “बोअर केव्हा केला?”

“होळीच्या अंगाअंगानं.”

“कोणी पाणी प्यायलं त्याचं?”

“अजून नाई. मोटर बसायची हाये.”

गीतांजलीनं सुस्कारा सोडला. “मी येते,” ती म्हणाली. आणि खरंच आली. हातमोजे, बुटांवर प्लॅस्टिक, काचेच्या बाटल्या घेऊन आली. पिंटूनं नाल्याकडं टाकलेला डबा तिनं आधी शोधून काढला आणि बंद पिंपात घालून सोबत घेतला. मग जागोजागची माती काढली, बोअरमधलं पाणी काढलं, ऊन कलेपर्यंत ओट्याभोवती फिरत राहिली. जाताना सरपंचाला म्हणाली, “तपासणी होईपर्यंत खोदकाम बंद. आणि या बोअरचं पाणी कुणालाही देऊ नका.”

खोदकाम बंद झालं. शेडमध्ये ती बातमी पोचली तशी दुसऱ्या दिवशी संध्या टँकरच्या रांगेत उभी राहिली तर तिच्या पुढच्या बाईनं गुंड उचलून दोन हात पुढं ठेवला. मागची मागं सरकली.  बोलली ती हलीमाबी.

“तेरा आदमी मैंने धोया,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “उसका ये बदला दिया तूने? माह्या पोरानं सुरतेत पोट मारून विटीसाठी धाडलं. तू एकटीनं जाऊन सबका घर रोक दिया. मुझसे पूछा? कोनाले पूछा?”

“चाची, त्या जमिनीत...”

“कौनसी जमिनीत कुछ नहीं रहता? माह्याशी बोलू नको आता.”

संध्यानं मान खाली घातली. विचारलं नव्हतं, हे खरं होतं. तिनं गुंड भरला आणि आली. त्या दिवसापासून आडोशापलीकडून हाक यायची बंद झाली. लोणच्याची वाटी यायची बंद झाली.

दिवस उलटत गेले, तपासणीचा निकाल येईना. ज्येष्ठ लागला. टँकर कधी यायचा, कधी नाही. गावातली जुनी विहीर आटली. बाया अर्ध्या कोसावरून पाणी आणत आणि वर ई-क्लासवर भरलेला बोअर नुसता उभा होता, हे सगळ्यांना दिसत होतं. शालिकरामांकडे रोज माणसं जायची. म्हातारे सरपंच, मधुमेहाचे. कुणाला नाही म्हणता येत नसे त्यांना. शेवटी त्यांनी मोटर बसवून घेतली.

“निकाल येईन तवा पाहू,” ते म्हणाले. “इतक्या खोल पान्यात वरतचं औषध कसं जाईन? अन् मी स्वतः पितो पहिले. मंग तं झालं?”

त्या सकाळी बोअरभोवती शेणाचा सडा घातला होता. नारळ फोडला, केसिंगला झेंडूचा हार घातला. बाया रिकामे गुंड, डबे, बकेटी घेऊन उभ्या होत्या. आचललाही कुणीतरी बोलावलं होतं म्हणून ती पोट सांभाळत आली होती, संध्या तिच्या मागं. मोटर सुरू झाली. आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी जाड धारेनं पडू लागलं. पोट्टे ओरडले. त्या पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता. इतक्या उन्हाळ्यात असं पाणी पाहून संध्याच्याही घशाला कोरड पडली.

शालिकरामांनी स्टीलचा गिलास धारेखाली धरला, भरला आणि वर करून सगळ्यांना दाखवला. “पाहा बाप्पा. पिऊन रायलो मी.”

गिलास ओठांपर्यंत गेला आणि संध्या गर्दीतून पुढं झाली. तिनं हात मारला. गिलास त्यांच्या हातून उडाला, सिमेंटच्या कट्ट्यावर आपटला आणि घरंगळत गेला. पाणी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं.

मोटरचा आवाज तेवढा राहिला.

गावानं निवडून दिलेला, बापाच्या वयाचा माणूस. त्याच्या हातावर सुनेच्या वयाच्या बाईनं चापट मारली होती.  शालिकरामांनी सदरा झटकला. मग हळू म्हणाले, “संध्याबाई, माह्या पोरीनंही कधी माह्यावर हात नाई उचलला.”

संध्यानं दोन्ही हात जोडले. “भाऊ, मले काय म्हनायचं ते म्हना. पन तुमी पेलात अन् तुमाले काई झालं नाई, तं हे सारे उद्यापासून पेतीन. लेकरं पेतीन. तुमच्या शब्दावर पेतीन भाऊ. म्हनून मारला हात.”

“कशावरून खराब हाये?” मागून कुणीतरी ओरडलं.

“मले नाई मालूम,” संध्या म्हणाली. “चांगलं हाये हे बी नाई मालूम. मालूम होईपर्यंत पिऊ नका एवढंच म्हनते.”

“लाज सोडली बाईनं!”

शालिकरामांनी वाकून गिलास उचलला. त्याला पोचा आला होता. त्यांनी तो खिशात घातला, मोटर बंद करायला सांगितली आणि कुणाकडे न पाहता उतारानं चालू लागले. बाया रिकामे गुंड घेऊन परतल्या. ज्यांनी भरून घेतले होते त्यांनी जरा वेळ गुंडाकडे पाहिलं आणि एकेकीनं ओतून टाकले. जाताना त्या संध्याला खूप बोलल्या. ती ऐकत उभी राहिली. आचलनं तिचा हात धरला होता.

मृगाच्या तोंडावर गीतांजली आली, निकाल घेऊनच. शाळेच्या निंबाखाली सगळे जमले. तिनं आडपडदा ठेवला नाही. जुन्या ओट्याच्या पूर्वेला जमिनीत डबे पुरलेले आहेत, बरेच आहेत, काही गळाले आहेत. बोअरच्या पाण्यात औषध उतरलं आहे.

शालिकरामांनी विचारलं, “मॅडम, त्या दिवशी मी एक गिलास पेलो असतो तं?”

गीतांजली म्हणाली, “खरं सांगायचं तर एका गिलासानं तुम्हाला काही झालं नसतं, काका. वास नाही, चव नाही. कळलंही नसतं. पण रोज, वर्षानुवर्षं, लहान मुलांनी, पोटुशी बायांनी हे पाणी प्यायलं असतं, तर कळायला लागेपर्यंत उशीर झाला असता.”

 शालिकराम उठले, गर्दीतून वाट काढत बायांच्या बाजूला आले आणि संध्यासमोर थांबले. त्यांचे डोळे ओले होते.

“बाई, मी पेलो असतो अन् ठनठनीत राहिलो असतो,” ते म्हणाले. “अन् माह्या भरवशावर गाव मरत राहिलं असतं. देवानं तुह्या हाताले बुद्धी देल्ली.”

त्यांनी सगळ्यांदेखत तिला हात जोडले. संध्या गडबडली, मागं सरकली. “असं नका करू भाऊ,” एवढंच तिला म्हणता आलं.

पण घरं तर अडलीच. गीतांजली म्हणाली, “आराखडा नव्यानं करावा लागेल. आधी डबे काढायचे, माती काढायची, मग घरं. यंदाचा पावसाळा शेडमध्येच जाईल.” लोक हळूहळू उठले. संध्या चुकली नाही हे त्यांना कळलं होतं, पण टिनाखालचा पाऊस काही तेवढ्यानं सुसह्य होणार नव्हता.

आचलला तेल्हाऱ्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. ओल्या आषाढात संध्या तिला बाळासकट शेडमध्ये घेऊन आली. टिनावर पाऊस इतका वाजायचा की बाळ रडलेलं फक्त तोंडावरून कळायचं. खालून ओल चढायची. देवमनला आता जड काम होत नव्हतं, तरी त्यानं शेडभोवती नाली खोदली. संध्यानं मुरूम वाहून आणला आणि आपल्यासकट शेजारच्या बाजूलाही पसरवला. आडोशापलीकडून कुणी काही म्हटलं नाही.

बाळ सारखं किरकिरायचं. एका सकाळी संध्या वावरात निघाली असताना हलीमाबी आत आली. संध्याकडे तिनं पाहिलं नाही. आचलला म्हणाली, “ला इधर. माय बाजार करन की लेकराले चोयन?” पाय पसरून बसली, बाळाला पिंढऱ्यांवर आडवं घेतलं, कोमट तेलानं अंग चोळू लागली. तिच्या बोटांना गाठी आल्या होत्या, पण बाळ गप्प झालं. संध्या दारातच उभी राहिली.

“चाची...”

हलीमाबीनं मान वर केली नाही. संध्या वावरात गेली. रस्त्यानं जाताना तिला रडू आलं, पण मन हलकं झालं होतं.

त्यानंतर हलीमाबी पावसाळाभर रोज सकाळी आली. संध्याशी बोलली नाही.

पाऊस सरला. पांढरे अंगरखे घातलेली, तोंडाला नळकांडी लावलेली माणसं आली. त्यांनी ओट्यापलीकडची जमीन फोडून डबे काढले. गंजलेले, चेपलेले, काही अजून भरलेले. पिंटू ठेकेदार लांब उभा राहून पाहत होता. एकामागून एक वर येणारे डबे पाहून त्यानं टोपी काढून तोंड पुसलं. “अंगनवाडी तथीच होती,” तो कुणालाही उद्देशून न बोलता म्हणाला. माती बंद गाड्यांतून दूर नेली. बोअर सिमेंटनं बुजवला, नवा चढाच्या वरच्या अंगाला घेतला आणि त्याचं पाणी तपासून आल्यावरच मोटर लावली. त्या दिवशी शालिकरामांनी पहिला गिलास भरून गीतांजलीला दिला. तिनं तो तिथंच उभ्या उभ्या संपवला.

नव्या आराखड्यात वाईट तुकड्याभोवती जाळीचं कुंपण होतं, कुंपणानंतर रुंद रिकामी पट्टी आणि त्यापुढं घरं. रस्त्याची दिशा बदलली होती, पावसाचं पाणी दुसरीकडं वळवलं होतं. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटायचं ठरलं. पण कुंपणाकडच्या ओळीचं नाव निघालं तसे लोक अडले.

“तथी आमी नाई जात,” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “ते मोकये सोडून द्या.”

“मोकळे सोडले तर तेवढी घरं बसत नाहीत,” गीतांजली म्हणाली. “त्या ओळीतली माती दोनदा तपासली आहे.”

कुणी पुढं आलं नाही. शालिकराम चिठ्ठ्यांचा डबा हातात धरून बसले होते.

संध्यानं देवमनकडे पाहिलं. तो कुंपणाकडे पाहत होता. तिला त्याला काही सांगायचं धाडस झालं नाही. त्याच मातीनं त्याला अर्धा करून सोडला होता.

तिनं गीतांजलीला विचारलं, “मॅडम, तुमी राहिल्या असत्या त्या लाइनीत?”

“राहिले असते,” गीतांजली म्हणाली. “मला खात्री नसती तर मी नकाशावर तिथं घर काढलंच नसतं, ताई.”

“अन् उद्या काई निंगालं तं?”

“तर पहिली गाडी पकडून माझ्याकडे या. पायरीवर उभं राहावं लागणार नाही.”

देवमन उठला. भिंत नव्हती धरायला, म्हणून जरा डोलला. “सरपंचभाऊ,” तो म्हणाला, “आमची चिठ्ठी काढू नका. कुंपनाकडचा कोनताबी द्या.”

संध्या त्याच्याकडे पाहतच राहिली. तो खाली बसत म्हणाला, “काय पाहून रायली? तूच म्हने ना मॅडमवर भरवसा हाये म्हनून.”

लोकांत चुळबुळ झाली. दोन-तीन बाया एकमेकींकडे पाहत होत्या. शालिकरामांनी डब्यातून एक चिठ्ठी काढून बाजूला ठेवली, “देवमन अन् संध्याबाई” म्हणाले आणि पुढं कोण, म्हणून मान वर केली.

हलीमाबी मागं बसली होती. आचलची पोरगी तिच्या मांडीवर होती. तिनं पोरीला तुबाकडे दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पुढं आली.

“मेरी भी चिठ्ठी मत निकालो,” ती म्हणाली. “इसके बाजूवाला लिखो.”

“चाची, तथी?” शालिकराम म्हणाले.

“हां, तथीच.” ती संध्याकडे वळली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. “पन एक सांगून ठेवते. मधात टिन नको आता. विटीची भीत पायजे. तुझी फोडनी मेरे नाक में जाती.”

संध्याला हसू आलं आणि ते आवरता आवरता तिचा चेहरा वाकडा झाला. हलीमाबीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“चल,” ती म्हणाली. “सब्बल आन. ऊन चढन मंग.”